तेलाच्या देशात राहिलेली बॅग

मी एक प्रवासी बॅग बोलतेय. निळी, कडक पाठीची, चाकांची. तुम्ही म्हणाल, बॅगेला काय कळतं? अहो, घरातून निघताना माणूस काय घेतो आणि काय विसरतो, हे आमच्याइतकं कोणाला कळणार?

कारखान्यातून मी दुकानात आले आणि तिथून एका नणंद-भावजयीच्या घरी. वन्सं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, वहिनी सरकारी इस्पितळात नर्स होत्या. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे.

"जिथं कोणी जात नाही तिथं जाऊ या," असं वन्संनी ठरवलं आणि निवडला तो तेलाचा देश. "जमिनीखाली तेलच तेल आहे, वहिनी! तिथं काय कमी असणार? एक कार्ड घेतलं की झालं."

वहिनी नुसत्या "हूं" म्हणाल्या आणि माझ्यात औषधं, बँडेजचे गुंडाळे, मलमं कोंबत राहिल्या.

"इस्पितळ थाटायचंय का तिथं?" वन्संनी विचारलं.

पहिला धक्का हॉटेलातच बसला. कार्ड चालेना. वीज गेलेली, लिफ्ट बंद. पोर्टरने मला पायऱ्यांवर आपटत वर नेलं. नळाच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. "यात मी पायसुद्धा धुणार नाही," वहिनी म्हणाल्या.

दुसरा धक्का रस्त्यावर. पेट्रोलपंपासमोर नजर पोचेल तिथपर्यंत गाड्यांची रांग, आणि चालक गाडीतच झोपलेले!

"तेलाच्या देशात पेट्रोल नाही?" वन्सं थक्क झाल्या.

आमचा ड्रायव्हर मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तेल आमचं, बाई. पण पेट्रोल होऊन येतं बाहेरून. येतं तेव्हा येतं." वन्संनी फोन उचलताच त्याने घाईने हात आडवा केला. "पंप, पूल, पोलीस यांचा फोटो नको. फोटो इथंच राहील आणि तुम्हीही."

एका सकाळी आम्ही त्याच्या गावाकडे निघालो. मी टपावर बांधलेली होते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. एका शेतात ही गर्दी! बादल्या, डबे, पातेली घेतलेल्या बाया हसत-खिदळत होत्या.

"अगंबाई, जत्रा दिसतेय!" वन्संनी दार उघडलं.

वहिनींनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. "उतरू नका! वास येतोय ना? पेट्रोल आहे हे."

शेतातून जाणारी पेट्रोलची पाइपलाइन फुटली होती आणि लोक ते भरून घेत होते. ड्रायव्हर पांढराफटक पडला. गर्दीत त्याची बहीण होती. तो हाका मारत धावला. ती बादली सोडेना. त्याने तिला अक्षरशः फरफटत रस्त्यापर्यंत आणलं.

आणि मग आधी आवाज नाही, उजेड आला.

माझी पाठ एका बाजूने फुगली. क्षणापूर्वी हसणारी माणसं... नाही, ते माझ्याने सांगवत नाही.

भाजलेली माणसं रस्त्याकडे धावत येत होती. "वन्सं, बॅग उतरवा!" वहिनी ओरडल्या. मला जमिनीवर आडवं पाडून उघडलं. "चोळू नका, नुसतं पाणी ओता!" पिण्याच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या. बँडेज संपली, तेव्हा वन्संनी आपल्या कोऱ्या सुती साड्या फाडायला घेतल्या.

"वहिनी, मी पोरांना शिकवत आले हो, की हा श्रीमंत देश आहे," त्या हुंदके देत म्हणाल्या.

"रडा नंतर. हे टोक घट्ट धरा."

गावात दवाखाना म्हणजे एकच खोली आणि तिचीही कपाटं रिकामी. निघताना दोघींनी उरलंसुरलं औषध माझ्यात भरलं आणि मला तिथंच ठेवलं. वन्संनी माझ्या फुगलेल्या पाठीवरून हात फिरवला. परत जाताना दोघींच्या हातात नुसत्या पर्स होत्या.

ड्रायव्हरची बहीण आता त्या दवाखान्यात काम करते. तिच्या हातांवर अजून चट्टे आहेत.

तुम्हीही या देशात जरूर या. रोख पैसे आणा, पिण्याचं पाणी जवळ ठेवा, रांगेतल्या माणसावर फोन रोखू नका, त्याच्याशी बोला. शेतात गर्दी दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर तिकडे फिरकू नका. आणि जमिनीखाली काय आहे त्यावरून, वर राहणाऱ्या माणसांच्या घरात काय असेल याचा अंदाज बांधू नका.

काल ड्रायव्हरच्या बहिणीने औषधासाठी मला उघडलं, तळापर्यंत हात फिरवला. आत एका कात्रीशिवाय काही नव्हतं. येणार असाल, तर लवकर या.