कार्ड धरणारा हात

भगवाननं कार्ड चिमट्यात अडकवलं, गॉगल डोळ्यांवर ओढला आणि दामाजीच्या जागेला वळसा घालून तो यंत्राच्या किल्लीपाशी आला. जागा तशी मोकळीच होती, टेबलाच्या उजव्या अंगाला, दोन फरश्यांएवढी. चार महिन्यांपूर्वीपर्यंत दामाजी तिथं उभा राहून कार्ड धरायचा. आता तिथं कुणी नव्हतं, तरी भगवानचा पाय तिथं पडत नसे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात शहाण्णवपासून, म्हणजे गेली दोन वर्षं, एकच उद्योग चालला होता. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून लेसरचा दणकट किरण काढायचा. तंतूच्या एका टोकातून पंपाचा, म्हणजे ताकद पुरवणारा, प्रकाश कोंबायचा, तो खाऊन किरण आतल्या आत पोसला जातो आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो. किरण डोळ्यांना दिसत नाही. त्यातला चिमूटभर खास लेप दिलेल्या कार्डावर घेतला की नारिंगी ठिपका उमटतो. थोड्या ताकदीवर तो गुणी बाळासारखा एका जागी बसून राही. ताकद वाढवली की थरथरू लागे.

पुण्याच्या गिऱ्हाइकासमोर तो असाच थरथरला होता. कार्ड दामाजीच्या हातात होतं. मालकांनी भुवई वर केली आणि भगवानच्या तोंडून निघून गेलं,

"ठिपका नाही हलत, सर. ह्याचा हात हलतोय."

सगळे हसले. नाचता येईना अंगण वाकडं! आदल्याच दिवशी कार्ड चिमट्यात असताना ठिपका हललेला भगवाननं स्वतः पाहिला होता. शेजारी उभ्या दामाजीनंही पाहिला होता. पण त्यानं आपल्या हाताकडे एकदा बघितलं आणि कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच हातानं तो तंतूची टोकं अशी घासायचा की भिंगाखालीही ओरखडा सापडत नसे.

महिनाअखेर त्यानं काम सोडलं आणि कोपरीला घरच्या होडीवर परत गेला. पंधरा दिवसांनी खाडीत होडी उलटली. दामाजी गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बहिणीचा, चंद्रभागेचा, तरणाताठा मुलगा कान्हाही गेला.

तेव्हापासून भगवानची एक गंमत झाली होती, हसावं की रडावं अशी. कल्याणच्या विहारात रविवारी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, त्याची जीभ अडखळायची. बाकीचे पाचव्यावर पोचलेले असायचे. "घसा बसलाय का रे?" असं वडिलांनी, बाबुरावांनी, दोनदा विचारलं होतं. त्यानं दोन्ही वेळा होय म्हणून सांगितलं, म्हणजे खोट्यात आणखी दोन खोट्यांची भर.

आज मात्र टेबलावरची मांडणी वेगळी होती. दामाजी कधीतरी चहा पिता पिता म्हणाला होता, "सायेब, जाला एकाच बाजूशी खेचला तं वाकरा नाय होनार? दोनी टोकांशी घ्या ना." तेव्हा भगवान हसला होता. "ही खाडी नाही, दामाजी, जाळं ओढायला." गेल्या आठवड्यात आकडेमोड करताना तेच उत्तर त्याच्यासमोर आलं. सगळा पंप एका टोकातून घातला की तंतूची पहिली वीतभर काच नको तेवढी तापत होती आणि त्यानंच ठिपका थरथरत होता. अख्खं जेवण एका घासात कोंबलं तर ठसका लागणारच. आता पंप निम्मा निम्मा करून दोन्ही टोकांनी आत सोडला होता. टोकं दामाजीनं घासलेलीच होती. काडेपेटीत जपून ठेवलेली ती शेवटची जोडी.

त्यानं किल्ली फिरवली. ताकद हळूहळू वाढवत नेली. जिथं ठिपका नेहमी थरथरायचा तो आकडा गेला, त्याच्या पुढचाही गेला. ठिपका जागचा हलला नाही.

"दामाजी, बघ," तो मोठ्यानं म्हणाला आणि आपल्याच आवाजानं दचकला.

"कोनाला बोलता, सायेब?"

दारात शेवंती उभी होती, दामाजीची बायको. चपला बाहेर काढून ती आत आली.

"वहिनी, या ना."

"एक कागुद पायजे. लोक बोलतान, लेसरवाल्यांनी हात हालतो म्हनून काढला, आनि त्याच हातानं सुकानू धरून यानं पोराला बुडवला. चंद्रभागा माज्याशी बोलत नाय. दारावरशी जाते, तोंड फिरवते. ह्यांचा हात हालत नव्हता, येवरा लिहून द्या."

भगवाननं दुसरा गॉगल तिच्या हातात दिला. तिनं तो लावला आणि चिमट्यातल्या कार्डापाशी येऊन उभी राहिली. बरोबर त्याच दोन फरश्यांवर.

"हा तो ठिपका?"

"हो."

"हालत नाय."

"आज नाही हलत."

ती कार्डावर आणखी वाकली. "मंग तवा काय हालत होता?"

"माझं यंत्र."

"तुमाला ठावका होता?"

बाहेर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला.

"होय. ठाऊक होतं."

शेवंतीनं गॉगल काढून टेबलावर ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्यानं घाईघाईनं खणातून कोरा कागद काढला.

"लिहून देतो, वहिनी. शिक्क्यासकट देतो."

"कागुद ऱ्हाऊ द्या. चंद्रभागेला कुठं वाचता येतंय? तुमी चला कोपरीला."

"आत्ता? अकरा वाजता पुण्याचे लोक यायचेत. हेच बघायला..."

ती त्या फरश्यांवरून हलली नाही. दाराकडे जायची सरळ वाट तिच्या शेजारूनच होती आणि आता वळसा घालण्यात अर्थ नव्हता. भगवाननं एकदा ठिपक्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो असा निश्चल बसला होता. त्यानं किल्ली फिरवली. ठिपका विझला. शेवंतीच्या शेजारून जाताना त्याचा पाय त्या फरशीवर पडला.

बाहेर तो चपला घालत असताना फाटकातून पाहुण्यांची गाडी आत शिरत होती. मालक कचेरीतून लगबगीनं बाहेर आले आणि त्याला हाक मारू लागले. त्यानं मान वर केली नाही.

"तिथं हलू आवाजात बोलू नका, सायेब," शेवंती पुढे चालता चालता म्हणाली. "त्या दिवशी बोललात ना, तसा बोला. सगल्यांच्या समोर."