पान एकशे तेराचा समास

"उंदरांनी खाल्लं असेल हो, मावशी."

"उंदीर काय पट्टी ठेवून खातात?"

कचेरीच्या नोंदवाल्या बाई वहीवर वाकल्या. टेबलावर जुन्या अनाथाश्रमाची दाखल-वही उघडी होती. पान एकशे तेरा. समोर बसलेल्या साठीच्या बाईंचं बोट पानाच्या उजव्या कडेवर होतं. कड वरपासून खालपर्यंत सुतासारखी सरळ होती. पानाच्या मध्यभागी नोंद शाबूत होती: मुलगा, अंदाजे चार महिन्यांचा, आणणारी एक स्त्री, नाव सांगितले नाही. समासात मात्र शेऱ्यांच्या ओळींची पहिली एकेक अक्षरं तेवढी उरली होती. पुढच्या ओळी कडेवरून पाय घसरून पडाव्यात तशा नाहीशा झाल्या होत्या.

"आणि मला मावशी नका म्हणू," त्या बाई म्हणाल्या. "सिस्टर म्हणा. पस्तीस वर्षं इस्पितळात तेच ऐकलंय, त्यालाच मी ओ देते."

त्यांनी पिशवीतून एक पत्र काढून टेबलावर पसरलं. याच कचेरीचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. वडिलांच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली सापडलेलं. घड्यांवर ते विरून फाटलं होतं आणि सिस्टरांनी त्याला जखमेवर लावायची पातळ पांढरी पट्टी चिकटवली होती. मजकूर चारच ओळींचा होता. आपली नोंद पान एकशे तेरावर आहे. नोंदीसमोर समासात तीन शेरे आहेत. ते पत्राने कळवता येत नाहीत. आपण स्वतः येऊन पाहावेत.

"मग वडील आले का नाहीत?" नोंदवाल्या बाईंनी विचारलं.

"ते पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे. गावभरच्या दारांत जाऊन उभे राहिले. या दारात नाही आले."

खिडकीपाशी दाभणाने वही शिवत बसलेल्या माणसाच्या हातातला दोरा इथे गुंतला. हा कचेरीचा बाइंडर. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून सगळे त्याला खळकाका म्हणत. छत्तीस वर्षांत त्यांचा दोरा कुणी गुंतलेला पाहिला नव्हता. त्यांनी तो सोडवला नाही, कापून टाकला.

सिस्टर गेलेल्या समासाच्या चौकशीचा अर्ज लिहून, सही करून जिना उतरू लागल्या, तेव्हा खळकाका मागून आले. कठड्याला धरून उभे राहिले.

"सिस्टर, ते उंदरांनी नाही खाल्लं. मी कापलं."

त्या वळल्या. "का?"

"सरळ दिसावं म्हणून."

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, तिचा आवाज वरपर्यंत आला.

"मी बाविशीचा होतो," खळकाका म्हणाले. "नवीनच लागलेलो. चाळीस जुन्या वह्या दुरुस्तीला दिल्या होत्या. कडा कुरतडलेल्या, कोपरे दुमडलेले. मी सगळ्या मशीनवर घातल्या आणि तिन्ही बाजूंनी छाटल्या. मधला मजकूर जपला हो. समासात काही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. समास म्हणजे मोकळी जागा, एवढंच शिकलो होतो. साहेबांनी पाठ थोपटली. सगळ्या कचेरीला बोलावून वह्या दाखवल्या."

"छत्तीस वर्षांपूर्वी?"

"हो."

सिस्टरांनी मनात हिशेब केला. पत्र चाळीस वर्षांपूर्वीचं. म्हणजे चार वर्षं समास जागेवर होता. चार वर्षं ते तीन शेरे वडिलांची वाट पाहत होते आणि वडील दोन गल्ल्या पलीकडे लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचत होते.

"ते घरी काय म्हणायचे माहितीये?" सिस्टर म्हणाल्या. "मी लहानपणी रुसले की म्हणायचे, मला तर टाकूनच दिलं होतं, तरी मी हसतो का नाही? कुणी घराण्याबद्दल विचारलं की म्हणायचे, आमचं घराणं माझ्यापासून सुरू. लोक हसायचे. तेही हसायचे. शेवटच्या आजारात एकदाच विचारलं, तीन शेरे कसले असतील गं? मी म्हटलं, उद्या जाऊन बघते. सलाइन बदलत होते मी तेव्हा."

सिस्टरांनी पिशवी खांद्यावर नीट केली.

"ती कापलेली पट्टी कुठे गेली?"

"कचऱ्यात," असं खळकाका म्हणणार होते. तोंड उघडलंही. मग त्यांचा हात आपोआप हवेत एका वहीच्या पाठीवरून फिरल्यासारखा फिरला.

"त्या वर्षी अस्तराचा कागद मिळत नव्हता," ते सावकाश म्हणाले. "आणि ती कातरण जाड, चांगली होती. मी तीच वापरली. एका वहीची कातरण दुसऱ्या वहीच्या पाठीला. आतून. वरून कापड."

"कुठल्या वहीच्या?"

"ते कुणाला आठवणार, सिस्टर? उघडून बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी खळकाकांनी पहिली वही टेबलावर उताणी ठेवली. नोंदवाल्या बाई धावत आल्या.

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना? निवृत्तीला पाच महिने राहिलेत. या वयात स्वतःचीच बांधणी फाडताय?"

"फाडत नाही. सोडवतोय."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सांगा, दुरुस्तीला काढलीये."

"दुरुस्ती कसली? धडधाकट आहे ती! तुमच्या-माझ्याहून धडधाकट."

"तेच तर," खळकाका म्हणाले आणि त्यांनी पाठीवर ओला फडका ठेवला.

खळीने चिकटलेलं पाण्यानेच सुटतं, पण घाई केली तर कागद रुसतो. फडका ओला करायचा, पाठीवर ठेवायचा, वाट पाहायची. पुन्हा ओला करायचा, पुन्हा ठेवायचा. आधी कापड सैल होतं, मग खळ मऊ होते, मग कुठेतरी एक कोपरा जागा होतो. त्या कोपऱ्याखाली बोथट सुरी घालायची आणि झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तशी हळूच पुढे न्यायची. आपण किती पक्कं बांधत होतो, हे खळकाकांना आता कळत होतं. पाठीला तीन थर. शिवण दुहेरी. प्रत्येक वही त्यांच्याशीच भांडत होती, आणि बाविशीतला तो पोरगा जिंकत होता.

पहिल्या वहीच्या पाठीतून सात पट्ट्या निघाल्या, सगळ्या पाणीपट्टीच्या रजिस्टरच्या कोऱ्या. दुसरीतून पाच. तिसरीत आश्रमाचं अक्षर दिसलं. खळकाका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. पट्टी दुसऱ्याच पानाची होती. तिच्यावर लिहिलं होतं: ताप उतरला. त्याखाली: मोठा भाऊ घेऊन गेला.

सिस्टर दर गुरुवारी येत. पहिल्या गुरुवारी त्या नुसत्या बघत बसल्या. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी पिशवीतून आपला जुना चिमटा काढला.

"सरका. तुम्ही असं ओढलंत तर पेशंट दगावेल."

"कागद आहे हो तो."

"मला काही फरक दिसत नाही."

"तरीच त्या पत्राला पट्टी मारलीत! जुन्या कागदाला असली पट्टी लावतात होय? वर्षभरात पिवळी पडून कागद खाईल ती."

"मग तुमच्यासारखं कापून टाकायला हवं होतं."

नोंदवाल्या बाईंनी कपाटाआड तोंड लपवलं. खळकाकांनी मान खाली घातली. जरा वेळाने सिस्टरच म्हणाल्या, "धरा इकडची बाजू." आणि दोघांनी मिळून ती पट्टी अखंड उचलली.

सुटलेल्या पट्ट्या खिडकीशी बांधलेल्या दोरीवर वाळत. वारा आला की हलत. नोंदवाल्या बाई जाता-येता वाचायला लागल्या होत्या. शिवणकाम शिकते. पायाने अधू, हुशार. नाव बदलले. पुन्हा बदलले. मामा असल्याचे सांगणारा इसम आला, पटले नाही, परत पाठवला. ज्या समासाला खळकाका मोकळी जागा समजले होते, तिथेच सगळं घडलं होतं. आत मधोमध फक्त आल्याच्या तारखा होत्या. बाहेर कडेला आयुष्यं होती.

साहेब एकदा येऊन गेले. दोरीकडे पाहून म्हणाले, "हे काय, कपडे वाळत घातलेत का?" नोंदवाल्या बाई म्हणाल्या, "दुरुस्ती चालू आहे, सर." साहेब गेल्यावर बाईंनी खळकाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढची वही स्वतःच कपाटातून काढून आणली.

सातव्या वहीनंतर सिस्टरांनी विचारलं, "नाहीच सापडली तर?"

"अजून तेहतीस आहेत."

"आणि तुम्ही निवृत्त झालात की?"

"तोवर होतील."

"बांधणार कोण परत?"

खळकाकांनी भिंतीशी रचलेल्या, पाठ उघडी पडलेल्या वह्यांकडे पाहिलं. "तेही होईल," ते म्हणाले. आवाजात फारसा जोर नव्हता.

ती अकराव्या वहीत निघाली. विहिरींच्या नोंदींची वही होती, कुणी कधी न मागणारी. तिसऱ्या थरातली पट्टी चिमट्याने वर आली, तिची शाई जागच्या जागी होती. खळकाकांनी ती पान एकशे तेराच्या कडेला लावली. वहीतलं पहिलं अक्षर आणि पट्टीवरची ओळ एकमेकांना भेटली. दुसरी ओळ भेटली. तिसरी भेटली. त्यांनी हात मागे घेतला आणि खुर्ची सरकवून जागा दिली.

"वाचा, सिस्टर."

"चष्मा धुरकटलाय. तुम्ही वाचा."

"मी बांधतो. वाचत नाही."

शेवटी नोंदवाल्या बाईंनी वाचलं. रोज मोठ्याने वाचायची सवय असलेला आवाज, एकसुरी आणि स्पष्ट.

पहिला शेरा, मूल दाखल झाल्यानंतर दोन महिन्यांनी: "आणून देणारी स्त्री भेटीस आली. आई असल्याचे म्हणते. मूल झोपले होते, उठवू दिले नाही."

दुसरा, पुढच्या वर्षीचा: "आई आली. मूल आवारात खेळत होते. दुरून पाहून गेली."

तिसरा शेरा लांब होता. लिहिणाऱ्याने अक्षर बारीक करून तो समासात बसवला होता. "आई आली. मूल आठ दिवसांपूर्वी दत्तक दिल्याचे सांगितले. पत्ता देता येत नाही असे सांगितले. सायंकाळी दरवाजा बंद करेपर्यंत बाकावर बसून होती."

वाचून झालं. नोंदवाल्या बाईंनी ओठ आत घेतले आणि उगाचच टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली.

सिस्टर पट्टीकडे पाहत राहिल्या. इस्पितळात माणूस गेल्यावर नातेवाइकांना सांगताना जसा चेहरा ठेवायची सवय असते, तसाच त्यांचा चेहरा होता.

"टाकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा, कुणाला तरी समजावल्यासारखं, "टाकलं नव्हतं हो."

खळकाका म्हणाले, "मी कापलं नसतं, तर—"

"तर कपाटात जागेवर राहिलं असतं. ते आलेच नसते." सिस्टरांनी चष्मा काढला. "भ्यायचे ते. तीन शेरे म्हणजे तीन लाथा, असं वाटायचं त्यांना. मला माहीत होतं. मीच यायला हवं होतं. माझी ड्यूटी कधी संपायचीच नाही."

दोरीवरच्या पट्ट्या हलत होत्या.

मग खळकाकांनी पातळ कागदाचा सांधा लावून ती पट्टी पानाला जोडली. वर वजन ठेवून ती वाळायला ठेवली. त्यात तासभर गेला. सिस्टर बसून राहिल्या. पट्टी जोडून झाल्यावर त्यांनी तिच्या तळाशी बोट टेकवलं. तिसऱ्या शेऱ्याखाली चार बोटं कोरी जागा होती.

"इथे लिहिता येतं का अजून?"

"तशी वही बंद नाही झालेली," नोंदवाल्या बाई म्हणाल्या. "कुणी बंद केल्याचा हुकूम नाही. पण शेरा मलाच लिहावा लागतो."

"मग लिहा. नात आली."

"तसं नाही चालत, सिस्टर. नोंद मुलाची आहे. मुलाची मुलगी, असं लिहावं लागेल."

"नोंद मुलाची असेल. शेरे तिच्या येण्याचे आहेत." सिस्टरांचा आवाज चढला नाही. "ती तीनदा आली. चौथ्यांदा मी आलेय. नात लिहा."

नोंदवाल्या बाईंनी खळकाकांकडे पाहिलं. खळकाका वहीकडे पाहत होते. मग बाईंनी ड्रॉवरमधून शाईचं पेन काढलं, कोऱ्या कागदावर एकदा चालवून पाहिलं, तारीख घातली आणि जुन्या अक्षराच्या खाली, तितकंच बारीक अक्षर काढत लिहिलं: "नात आली."

"बास?"

सिस्टरांनी विचार केला. "बास."

"टिपकागद आणू?"

"नको. वाळेल आपोआप."

खिडकीतून वारा येत होता. पान उलटू नये म्हणून खळकाकांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.