साखळीची चौकट

मित्रांनो, आरशात सगळेच डोकावतात, चौकटीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. मी तशीच एक जुनी, महोगनी लाकडाची चौकट आहे. जमैका बेटावरच्या एका डोंगराळ गावात माझा जन्म झाला.

मला क्वाको सुताराने घडवले. तो उसाच्या मळ्यावर गुलाम होता. १८३८ सालच्या ऑगस्टमध्ये गुलामी संपली आणि स्वतःच्या घरासाठी त्याने पहिली वस्तू केली ती मी. माझ्या माथ्यावर त्याने तुटलेली साखळी कोरली. पुढे म्हातारपणी तो प्रार्थनाघरात अक्षरे शिकला आणि मला उतरवून माझ्या पाठीवर पटाशी चालवू लागला.

"काय रे, ही अक्षरं रम पिऊन उभी आहेत का?" त्याची बायको फीबा हसली.

"म्हणून तर भिंतीकडे लपवतोय," क्वाको म्हणाला.

दोघेही गेले. त्या अक्षरांची आठवणही गेली. आमच्याकडे घरात कोणी वारले की आरसा झाकतात, नाहीतर गेलेल्याचा जीव त्यात अडकतो. मला भिंतीवरून न काढता दर वेळी माझ्यावर पांढरी चादर टाकत. त्यामुळे माझी पाठ कोणी पाहिलीच नाही.

क्वाकोच्या पाचव्या पिढीतली इयान्थी शिवणकाम करते. गिऱ्हाइके माझ्यासमोर कपडे घालून पाहतात. एकदा एक नवरी मुलगी फणकारली, "लग्नाच्या झग्यात उभी राहू, आणि डोक्यावर साखळी? शोभतं का हे?" पुन्हा ती आली नाही. तिच्या मैत्रिणीही आल्या नाहीत. इयान्थीने फर्डी सुताराला बोलावले. साखळी रंध्याने सपाट करायची आणि तिथे फुले कोरायची, असे ठरले.

तिची झिला आत्या काठी आपटत म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत नाही हं!"

"आत्या, फुलांनी काय वाईट होणार आहे?"

"काय होणार ते मला सांगता येत नाही. पण नाही म्हणजे नाही."

त्याच आठवड्यात झिला आत्या सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. फर्डी रंधा घेऊन दारात आला, तेव्हा घरातली एकुलती एक पांढरी चादर आत्याच्या अंगावर होती.

"आरसा उघडा आहे गं!" शेजारीण ओरडली. "चादर नाही तर भिंतीकडे तोंड कर त्याचं. लवकर!"

इयान्थी आणि फर्डीने मला उलटे केले. सव्वाशे वर्षांची धूळ इयान्थीने झग्याच्या घोळाने पुसली आणि अडखळत वाचू लागली.

"मिम्बा आई. कुबा ताई. कजो. तुम्हाला विकून कुठे नेलं ते मला कळलं नाही. आता आपण सुटलो. मी इथेच राहतो. या. क्वाको."

फर्डीने रंधा पिशवीत घातला.

"फुलं राहू दे," इयान्थी म्हणाली.

नऊ दिवसांचा दुखवटा संपल्यावर तिने मला भिंतीवर लावले नाही. खोलीच्या मधोमध आढ्याला दोरीने टांगले. आता झगा घालून पाहणाऱ्या मुली पुढून स्वतःला बघतात आणि मागे जाऊन ती नावे मोठ्याने वाचतात. ज्यांना बोलावले होते ते कधीच आले नाहीत. पण त्यांना हाका मात्र रोज पडतात.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू नको वाटली, तर जरूर बदला. फक्त रंधा लावण्याआधी तिची पाठ एकदा पुसून बघा.