उकंड शिंप्याची मशीन

वच्छलाबाई डोक्यावर टोपलं घेऊन वाहेद मिस्त्रीच्या अंगणात शिरल्या, तेव्हा सुगराबीनं आधी आपल्या नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. टोपल्यावर जुनं लुगडं झाकलं होतं, पण आत काय आहे ते पोरासोरालाही कळलं असतं. तसली शिवणाची मशीन तेव्हा मोताळ्यात एकच होती, वच्छलाबाईंच्या नवऱ्याची, उकंडराव शिंप्याची. आणि उकंडरावाचं नाव त्या घरात सहा वर्षं कोणी काढत नव्हतं. काढलं की मिस्त्री भरल्या ताटावरून उठायचा. असा खवीस माणूस!

“वाहेदभाऊ, मी इथं आली ते यायले माहीत नाही,” वच्छलाबाईंनी टोपलं उतरवता उतरवताच सांगून टाकलं. “डोणगावले गेले लेकीकडं, जागा पाहाले. मशीन श्रावणापासून जाम हाये. म्हणतात, बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याले देतो, दुकान मोडतो, अन् चाल डोणगावले. मले नाही राहाचं हो जावयाच्या दारात. मशीन फिरली तं त्यायचा पाय निघणार नाही इथून.”

“मंग मी काय करू?” वाहेद गुरगुरला. “मलकापूरले हाये ना मिस्त्री. तिकडं न्या.”

तोंडानं असं म्हणाला खरं, पण लुगडं बाजूला सारून त्याचा हात केव्हाच चाकावर गेला होता. चाक तसूभर हललं नाही. बाजार परवावर आला होता.

“अजी, बघता काय नुसते?” सुगराबी म्हणाली. “घ्या ना खोलायले.”

वाहेद पूर्वी सरकी काढायच्या कारखान्यात फिटर होता. जर्मनची लढाई सुरू होऊन कारखाना बंद पडला तेव्हा तो घरी बसला आणि अंगणातल्या छपरीत त्यानं आपलं बस्तान मांडलं. विहिरीवरची इंजिनं, कुलपं, सायकली, कुणाचा ग्रामोफोन, जे येईल ते. छपरीत कायम घासलेटचा वास, भिंतीला हाताच्या उंचीवर काळा पट्टा. लढाई संपली तरी घासलेट मात्र रेशनवरच होतं. दिव्यापुरतं मिळायचं, तेही नाक घासून.

त्यानं पेचकस उचलला, मशीन आडवी केली आणि खालच्या पोटाकडं पाहिलं. पाहतच राहिला.

मशीनच्या पोटातल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाखेचा एकेक ठिपका होता आणि प्रत्येक ठिपक्यावर अंगठ्याच्या नखाची तिरपी खूण होती. ही त्याचीच रीत. चालत्या मशीनचा स्क्रू हादऱ्यानं सैल होऊ नये म्हणून तो गरम लाखेचा थेंब टाकायचा आणि वरून नख दाबायचा. ती लाख फोडल्याशिवाय स्क्रू फिरत नाही. सहा वर्षांत एकही ठिपका फुटला नव्हता. म्हणजे या मशीनला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. मलकापूरच्याचा नाही की बुलढाण्याच्याचा नाही.

“हट् साला,” तो पुटपुटला, आणि शिवी उकंडरावाला दिली की स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अहो, काय दोस्ती होती ती! मलकापूर स्टेशनवरून बैलगाडीत कडब्यावर ठेवून ही मशीन आणली तेव्हा दोघांच्याही मिशा नुकत्या फुटल्या होत्या. गावात आल्याबरोबर वाहेदनं हौसेनं ती खोलली आणि पार्ट चादरीवर ओळीनं मांडले. तो मदरशात शिकलेला, त्यानं मांडले उजवीकडून डावीकडं. जोडायला बसला उकंडराव. तो शाळेत बालबोध शिकलेला, डावीकडून वाचणारा, त्यानं आपल्या हिशेबानं भलत्याच टोकापासून उचलायला घेतले. दिवस मावळायला आला तरी मशीन काही जमेना आणि चादरीवर एक स्प्रिंग शिल्लक! नवी कोरी मशीन बिघडवली म्हणून दोघांचेही बाप काठी घेऊन धावले होते. तेव्हापासून कायदाच ठरला. खोलायचं वाहेदनं, जोडायचंही वाहेदनं, उकंडरावानं नुसतं समोर बसून विडी ओढायची. दरसाल दसऱ्याच्या आधी वाहेद मशीन धुऊन द्यायचा, खंडेनवमीला उकंडराव तिला झेंडूची माळ घालायचा आणि ईदेला वाहेदच्या अंगावर उकंडरावाच्या हातचा नवा सदरा असायचा.

आणि हे सगळं मोडलं कशावरून? तर एका शेरवानीवरून! चांदबीच्या, वाहेदच्या पोरीच्या लग्नात नवरदेवाची शेरवानी उकंडरावानं शिवली. नवरदेवानं सलाम करायला हात उचलला आणि काखेतून टर्रकन उसवली. सगळी बारात खो खो हसली. वाहेदच्या डोक्यात राख गेली. चारचौघांत ओरडला, “उकंड्या, शिवतं का खळीनं चिकटवतं बे?” त्याच्यासाठी वेगळ्या चुलीवर केलेलं जेवण तसंच टाकून उकंडराव उठला. नवरदेवाचा दंड मापापेक्षा जाड निघाला, माप चुकीचं नवरदेवाकडूनच आलं होतं, हे मागून कळलं. पण सांगायला जायचं कोणी? समोरासमोर घरं असून दोघं एकमेकांच्या बकरीलाही वाट देईनात.

वाहेदनं पेचकसाच्या टोकानं एकेक ठिपका फोडला. झाकण निघालं आणि आतून वास आला. त्यानं बोट फिरवून नाकाशी नेलं.

“वहिनी, हिच्यात काय घालत होते तुमी?”

“जवसाचं तेल,” वच्छलाबाई भाबडेपणानं म्हणाल्या. “तुमी तेल देनं बंद केलं, मंग हे म्हणाले घरातलं घाल. दर दसऱ्याले घालत होती मी, पोटभर. चांगलं घाण्याचं, ताजं!”

वाहेदनं कपाळावर हात मारून घेतला. जवस खायला गोड, पण वाळलं की सुताराच्या रोगणासारखं घट्ट बसतं. भाजीची फोडणी द्यावी तसं माउलीनं सहा वर्षं मशीनच्या पोटात जवस ओतलं होतं. आत सगळं पिवळंजर्द डिंकासारखं आळून बसलेलं. नुसत्या घासलेटनं हे सुटणार नव्हतं.

“सुगरा, धुण्याचा सोडा आण. अन् घासलेटची बाटली.”

“अन् दिवा कशावर लावू?”

“नको लावू. अंधारात तू काही वाईट दिसत नाही.”

वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुगराबी फणकारली, पण बाटली आणून दिली आणि चूलही पेटवली.

बारके पार्ट सोड्याच्या पाण्यात उकळत ठेवून वाहेद मोठ्या पार्टांना लागला. फुटक्या परातीत घासलेट, त्यात काथ्याची कुंचली. भोकं साफ करायला कोंबडीची पिसं. काथ्या जाईना तिथं पीस जातं, पीस जाईना तिथं बाभळीचा काटा. घासलं की परातीत तपकिरी ओघळ उतरायचा आणि लोखंड हळूहळू आपल्या रंगावर यायचं.

सुईखाली कापड पुढं ढकलणारे दाते असतात, त्यांच्या खालच्या खोबणीत त्याला बोटभर जाडीची गुठळी सापडली. तेलात मुरलेली कापडाची लव. काट्यानं उकरली तशी पदरापदरानं सुटली. वर पांढरी, शाळेच्या पोरांच्या टोप्यांची. त्याखाली हिरवी, मोहरमच्या निशाणांची. मग कुणाच्या लग्नातलं लाल. आणि तळाशी मोतिया रंगाची थोडीशी.

तो रंग वाहेदनं लगेच ओळखला. शेरवानीचं कापड पसंत करायला दोघं मिळून मलकापूरला गेले होते. उकंडरावानं दुकानदाराशी भांडून हातभर कापड जास्तीचं घेतलं होतं, “पोरगी तुही तशी माही,” म्हणत. वाहेदला ते शब्द जसेच्या तसे ऐकू आले. किती वर्षं फुकट घालवली, या एका गोष्टीचं त्याला रडू यायला लागलं. ती लव त्यानं परातीत टाकली नाही. चिंधीत गुंडाळून खिशात ठेवली.

संध्याकाळपर्यंत सगळे पार्ट चादरीवर मांडून झाले होते, उजवीकडून डावीकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात सुकवून, ठेवणीतलं खरं मशीनचं तेल देऊन त्यानं मशीन जोडली. चाकाला नुसतं बोट लावलं तर ते गरगर फिरलं. वच्छलाबाईंनी मशीनलाच हात जोडले.

“आता नेऊ?”

“नाही देत,” वाहेद म्हणाला. “त्याले धाडा. ज्याची मशीन त्यानं न्यावी.”

उकंडराव दुपारी डोणगावहून आला, मशीन कुठं आहे ते ऐकलं आणि चपला न काढताच छपरीत घुसला. जवळून पुरता पिकलेला दिसला, पण आवाज तोच.

“माही मशीन इथं कोणी आणली?”

“म्या चोरली. जा, पोलिसात सांग.”

“वाहेद्या, मस्करी नको करू.”

“लाख तशीच होती बे,” वाहेद म्हणाला. “काऊन नाही नेली मलकापूरले?”

उकंडरावानं मशीनवरून हात फिरवला. “दुसऱ्याचा हात लावू देऊ काय तिले?” तो म्हणाला आणि मशीनपुढं मांडी घालून बसला. चाक फिरवलं. टक टक टक टक, जुना आवाज छपरीभर झाला. त्याचं तोंड पोरासारखं उजळलं. वच्छलाबाईंनी सुगराबीचा हात घट्ट धरला. राहिलं घर इथंच, असं दोघींनाही वाटलं.

उकंडरावानं सवयीनं खिशातून रीळ काढलं, दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुईशी नेलं. दोरा सुईच्या बाजूनं गेला. पुन्हा नेला. पुन्हा बाजूनंच. तिसऱ्या वेळी त्यानं हात खाली घेतला.

“मशीन जाम झाली तं मले बरंच वाटलं होतं,” तो हळूच म्हणाला. “लोकायले सांगाले कारण भेटलं. बायकोलेही तेच सांगतलं. खरं म्हणजे जवळचं दिसत नाही बे मले. जत्रेतून चष्मा आणला, त्यातून एका भोकाचे दोन दिसतात. शिवण हाताले पाठ हाये, पण सुईत दोरा गेल्याबिगर काय शिवू?”

वच्छलाबाईंनी सुगराबीचा हात सोडला.

“मी ओवतो,” वाहेद म्हणाला. “दिस उगवला की येतो. मधात दोरा तुटला तं हाक मार. समोरच तं राहतो.”

“तू? हात पाह्य तुहे! गावात कोणाचं पांढरं कापड राहू देशील काय?”

वाहेदनं आपले हात पाहिले. नखं काळी, रेघा काळ्या, तीस वर्षांचं वंगण मुरलेलं. तो उठला, न्हाणीच्या दगडावर जाऊन बसला आणि सुगराबीला म्हणाला, “राख दे. अन् लिंबू.” ती तांब्यानं पाणी ओतत होती आणि तो बोटाबोटाच्या बेचक्यातून घासत होता, नखं खरवडत होता, पुन्हा राख घेत होता. उकंडराव दोऱ्याचं टोक चिमटीत धरून, मशीनपुढून न उठता, त्याची वाट पाहत बसून राहिला.