शेजारच्या सीटचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा नव्हे, त्याचा तोरा वेगळा. मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतला दुसरा ब्रेक, शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाखालचा. शिकणारा गडबडला की मास्तर मला दाबतात आणि गाडी थांबते. मित्रांनो, तुम्हाला परीक्षेची भीती वर्षातून दोनदा वाटत असेल. माझा जीव रोज टांगणीला लागलेला असायचा.

माझा जन्म गॅरेजात झाला. मेकॅनिकने लोखंडी पट्टी तापवून वाकवली, वर रबर चढवलं आणि एका दांड्याने मला मोठ्या ब्रेकशी जोडलं. मला दाबलं की तोही आपोआप खाली जातो. "याने दगा देता कामा नये," असं पुटपुटत त्याने मला पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मी दगा कधीच दिला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मास्तर भले गृहस्थ, पण आतून भित्रे. तोंडाने म्हणायचे, "घाबरू नका, मी आहे ना," आणि पाय मात्र सदानकदा माझ्यावर. वळण आलं, हळूच दाब. सिग्नल आला, हळूच दाब. शिकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. त्याला वाटायचं, जमलं की आपल्याला! शिकून झालं की लोक मास्तरांचे आभार मानायचे, निघताना बॉनेटवर थाप मारायचे. मला कुणी हिंग लावूनही विचारत नसे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस नर्सबाई शिकायला आल्या. मास्तर त्यांना सिस्टर म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन जखमा धुण्याचं काम त्यांना मिळालं होतं, पण लायसन्स असेल तरच. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. हात स्थिर, नजर चांगली. मास्तर खूश होते. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही डोळे झाकून पास होणार."

सिस्टर नापास झाल्या. परीक्षेत शेजारी मास्तर नव्हते, परीक्षक होते. उतारावरच्या वळणाला सिस्टरांनी ब्रेकवर नुसता पाय टेकवला, कारण रोज तेवढ्यानेच गाडी थांबायची. त्या दिवशी ती थांबेना. परीक्षकांनी मला असं काही हाणलं की माझं रबर फाटलं.

परतताना गाडी मास्तर चालवत होते. सिस्टर शेजारच्या सीटवर, माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी मला बुटाने दाबून पाहिलं. मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक खाली गेला.

"मास्तर, इतके दिवस गाडी कोण थांबवत होतं?"

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. "तुम्हाला मदत व्हावी म्हणून..."

"मीपण रुग्णाला हात धरून चालवते. पण हात सोडते तेव्हा त्याला सांगून सोडते. तुम्ही धरला होतात हेच मला माहीत नव्हतं. महिनाअखेरीला दुसरी परीक्षा. तीही गेली तर माझं काम दुसरीला देतील."

मास्तरांचा चेहरा पडला. ते तडक गॅरेजात गेले. मेकॅनिकने मला नवं रबर घातलं आणि दांड्याला एक बझर बसवला. मोठा ब्रेक दाबला तर तो वाजणार नाही, पण मला जरा जोर देऊन दाबलं की टर्रकन वाजणार. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला वाचा फुटली.

आणि काय सांगू, पहिल्या दिवशी माझं तोंड बंदच होईना. टर्र, टर्र, टर्र. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. प्रत्येक वेळी सिस्टर विचारायच्या, "माझा उशीर की तुमची घाई?" मास्तर खाली मान घालून म्हणायचे, "घाई." कधीकधी मात्र, "तुमचा उशीर. गाडी वळणात शिरण्याआधीच ब्रेक हवा. चला, परत." हळूहळू माझा आवाज कमी झाला. त्या उतारावर मात्र मी रोज वाजायचोच. मास्तर पाय मागे घ्यायचे, घामाघूम व्हायचे आणि अगदी शेवटी दाबायचेच. परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी वाजलो.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांचा बूट माझ्यावर येऊन बसला. जड, कडक बूट. पहिली वळणं नीट गेली. मग उतार आला. वळणावर पोचतो तोच कारखान्याच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येऊ लागला. परीक्षकांनी पाय आवळला. माझं रबर चेपलं. आणखी थोडा दाब पडला असता तर मी वाजलो असतो, आणि सिस्टरांचं काम गेलं असतं. मला माझ्याच आवाजाची इतकी धास्ती कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात दांडा हलला. पण ओढ माझ्याकडून नव्हती. सिस्टरांनी स्वतः ब्रेक दाबला होता, पूर्ण, ठामपणे. गाडी ट्रकच्या अलीकडे थांबली. बूट हळूच सैल पडला.

"पुढे घ्या," परीक्षक म्हणाले. बस, एवढंच.

परीक्षेच्या मैदानात परतल्यावर सिस्टर पास झाल्याचं कळलं तेव्हा मास्तरांसोबत आलेला मेकॅनिक पोट धरून हसत होता. "अहो सिस्टर, मास्तर इथे भिंतीपाशी उभे राहून जमीन दाबत होते. तुमची गाडी त्या समोरच्या उताराला लागली आणि यांच्या चपलेचा अंगठाच तुटला."

घरी परत जाताना गाडी सिस्टरांनी चालवली. मास्तर तुटकी चप्पल हातात धरून शेजारी बसले. तोच उतार, तेच वळण. त्यांचा अनवाणी पाय माझ्यावर आला. मी दम धरून वाट पाहिली. पाय गरम होता. पण तो नुसता टेकला होता. बझर वाजला नाही.

आता ती गाडी भंगारात गेली आहे. मला मास्तरांनी बझरसकट काढून शिकवणीच्या खोलीत खिळ्याला टांगलंय. नवे शिकाऊ येतात, बझर वाजवून हसतात. हसू द्या. मित्रांनो, एकच मागणं आहे. उद्या तुम्ही कुणाला काही शिकवाल, धाकट्या भावाला सायकल, आजीला फोन. तेव्हा शेजारून उठून जाऊ नका. पाय जवळच असू द्या. फक्त दाबायची घाई करू नका.