नळीच्या तोंडापासून

अहवालाच्या एकतिसाव्या पानावरचा आलेख मी तीन वेळा तपासला आणि मग तो अहवाल वाचनालयाच्या टेबलावर इतक्या जोराने आपटला, की ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"लायल, ती सार्वजनिक प्रत आहे. फाडायचीच असेल तर घरची आण."

"फाडत नाही. वाचतोय."

"असं वाचतात होय? मग आमच्याकडची निम्मी पुस्तकं तूच वाचलेली दिसतायत."

मला हसू आले नाही. आलेखात सात रेषा होत्या आणि सातही खाली उतरत होत्या. खाली उतरणारी रेषा म्हणजे बांधाच्या पोटातले पाणी उतरते आहे, बांध कोरडा आणि भक्कम होतो आहे. ते धादांत चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे ओळखू शकेल असा माझ्याखेरीज दुसरा माणूस गावात नव्हता.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला खाणीचे चिखलतळे आहे. दगड दळून त्यातला धातू काढून घेतल्यावर जो पिठासारखा गाळ उरतो, तो पाण्यासकट तिथे सोडतात आणि मातीच्या बांधाने अडवून ठेवतात. टास्मानियाच्या या पश्चिम किनाऱ्यावर पावसाला ऋतू लागत नाही. त्यामुळे बांधाच्या आत पाणी कुठवर चढले आहे, यावर सदैव लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी बांधात अकरा उभ्या नळ्या रोवलेल्या आहेत. पंचवीस वर्षे, दर गुरुवारी, मी त्या नळ्यांत मोजपट्टी सोडली, पाणी लागले की पट्टीचा भोंगा वाजे, तो आकडा नोंदवहीत लिहिला आणि खाली सही केली. बर्नीच्या तंत्रमहाविद्यालयात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते: किती मोजले हे नंतर, कुठून मोजले हे आधी लिहायचे. आम्ही नळीच्या तोंडापासून मोजत असू. नळीच्या तोंडावर खाच पाडलेली असते, पट्टी त्या खाचेला टेकवायची.

आता चूक कशी झाली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात बांधाच्या मधल्या पायरीवर दीड मीटर भराव टाकला गेला. त्या पायरीवरच्या सात नळ्या गाडल्या गेल्या असत्या, म्हणून प्रत्येकीला दीड मीटरचा तुकडा जोडून तिचे तोंड वर आणले. तोंड दीड मीटर वर गेले, तर पाणी जागचे हलले नसले तरी आकडा दीड मीटरने वाढणार. नऊ क्रमांकाच्या नळीत आधी पाणी सहा मीटर वीस सेंटिमीटरवर लागत होते. जोडणीनंतर ते सात सत्तरवर लागायला हवे होते. अहवालातल्या शेवटच्या मोजणीत लागले सात दहावर. म्हणजे पाणी साठ सेंटिमीटर चढले होते. संशोधन संस्थेच्या या अहवालाने जोडलेला तुकडा धरलाच नाही. त्याने सहा वीस आणि सात दहा हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि जाहीर केले की पाणी नव्वद सेंटिमीटर उतरले.

बांधाच्या कडेला असलेल्या उरलेल्या चार नळ्यांना तुकडा जोडावा लागला नव्हता. त्या चारही नळ्या पाणी चढत असल्याचे सांगत होत्या. त्यांचे काय केले? पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: 'उपकरणदोषामुळे चार नळ्यांची मोजणी वगळली आहे.' खरे सांगणाऱ्या चौघींना वेड्या ठरवून बाहेर काढले होते! आणि या आधारावर शिफारस होती की बांध आणखी चार मीटर उंच करण्यास हरकत नाही. मंजुरीची सभा पुढच्याच शुक्रवारी होती.

बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठावर चार घरे आहेत. पहिले नोलीन पर्डीचे. तिचा नवरा आणि मी एकाच पाळीत काम करत असू. तो गेल्यापासून ती एकटीच राहते, कोंबड्या पाळते, आणि गावातल्या प्रत्येकाला एकेरीत बोलते.

मी घरी येऊन खाणीच्या पर्यावरण अधिकाऱ्याला, कॅलमला, फोन लावला.

"लायल! काय म्हणतेय निवृत्ती? मासे लागतायत की नाही?"

"कॅलम, सात नळ्या दीड मीटरने वाढवल्या होत्या. संस्थेने ती वाढ वजा केली आहे का?"

"अहो, तो अहवाल तीन बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलाय."

"त्यातलं बांधावर कोण आलं होतं?"

"तसं कोणी येत नसतं हो. कागदावर तपासतात. हे बघा, तुम्ही उगाच चिडू नका."

"मी चिडलेलोच आहे. तू उत्तर दे."

"मी त्यांना मेल टाकतो."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला या वाक्याचा अर्थ नीट कळला होता. मी नोंदवह्यांच्या कार्बन प्रती पेटीतून काढल्या आणि अग्निशमन केंद्रामागच्या खोलीत गेलो. तिथे संस्थेचे कार्यालय होते.

मी त्या संशोधनाचा वैरी नव्हतो, हे इथे सांगितले पाहिजे. संस्थेची संशोधक डॉ. इमोजेन टास्कर होबार्टहून आली तेव्हा आमचा ओढा गंजाच्या रंगाचा होता. बांधातून झिरपणारे आम्लयुक्त पाणी त्यात उतरत असे. तिने पोलाद कारखान्याची वाया जाणारी धातुमळी आणि चुनखडीचा चुरा यांचा थर बांधाच्या पायथ्याशी, निचऱ्याच्या खडीवर, घालायला लावला. कारखान्याचा कचरा कामी आला, आम्ल मेले, आणि तीन वर्षांत ओढ्यात ट्राउट मासे परतले. ते काम सच्चे होते, म्हणूनच माझा संताप अधिक होता. ओढा स्वच्छ केल्याचे श्रेय संस्थेला पुरले नाही. बांध कोरडा केल्याचेही हवे होते, कारण खाणीला बांध वाढवायचा होता आणि संशोधनाचा खर्च खाण करत होती.

इमोजेनने माझे म्हणणे ऐकून घेतले. मग तिने संगणकावर तक्ता उघडला. तारीख, नळी, खोली. तीन रकाने.

"चौथा रकाना कुठे आहे?" मी विचारले. "शेऱ्याचा?"

"तो आम्ही उतरवून घेतला नाही, लायल. नमुन्यादाखल पंचवीस पानं पाहिली होती. 'पाऊस.' 'पुन्हा पाऊस.' 'बुटात जळू.' 'टोपी वाऱ्याने उडाली, सापडली.' 'दुसरी जळू.' असलंच होतं सगळं."

"सव्विसावं पान पाहा."

तिने कार्बन प्रत उजेडात धरली. निळ्या, किंचित फिसकटलेल्या अक्षरात लिहिले होते: 'नळी ३ ते ९, तोंड १.५० मीटर उंचावले. यापुढील आकड्यांतून वजा करावे.' खाली माझी सही.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"लिहिलं आहे ना."

"लिहिलंत ते दिसतंय. सांगितलंत कोणाला?"

नोंदवहीत लिहिले की कर्तव्य संपले, अशी आमच्या पिढीची समजूत होती. वर्षभराने निवृत्त होताना मी वह्यांचा गठ्ठा कॅलमच्या टेबलावर ठेवला, पोच घेतली आणि घरी गेलो. त्या सात नळ्यांबद्दल मी तोंडाने एक शब्दही बोललो नव्हतो.

"चल बांधावर," मी म्हणालो. "आधी मोजू, मग माझ्या चुका काढू."

"दोन्ही करू," ती म्हणाली आणि बूट चढवू लागली.

नऊ क्रमांकाच्या नळीवर भरावाच्या ठेकेदाराने माती टाकण्याआधीच वरपासून खालपर्यंत पिवळा रंग फासला होता, आणि सांधा मातीखाली गेला होता. मी भरावाची माती हाताने उकरली. इमोजेनने गुडघे टेकून नखाने रंग खरवडला. जोडणीचे कडे लागले. तिने स्वतः फीत धरली. खाचेपासून कड्यापर्यंत एक मीटर पन्नास. मग तिने मोजपट्टी आत सोडली आणि भोंगा वाजला.

"सहा पंच्याण्णव."

"दीड वजा कर."

"पाच पंचेचाळीस." ती तशीच चिखलात बसून राहिली. "म्हणजे आधीपेक्षा पंचाहत्तर सेंटिमीटर वर. आणि मी लिहिलंय खाली."

आम्ही पायथ्याशी उतरलो. निचऱ्याच्या नळातून पूर्वी मनगटाएवढी धार पडत असे. आता करंगळीएवढीही नव्हती, आणि नळाच्या तोंडाशी नारिंगी लापशी साचली होती. इमोजेनने ती बोटावर घेतली. आम्ल मेले की पाण्यात विरघळलेले लोखंड असे साका होऊन बसते. तो साका खडीत अडकला होता.

"आमच्याच थराने निचरा बुजवलाय," ती म्हणाली. "लायल, यात तुम्ही सोडून सगळ्यांना आनंदाची बातमी हवी होती. मलासुद्धा."

तिने त्याच दिवशी संस्थेचे संचालक प्राध्यापक ॲशबी यांना कळवले. त्यांचे उत्तर तिने मला वाचून दाखवले: 'दखल घेतली आहे. दुरुस्ती पुढील आवृत्तीत करता येईल. शुक्रवारच्या सभेत हा विषय काढू नये.' सुशिक्षित माणसाने, चार घरांच्या डोक्यावर चढणारे पाणी ठाऊक असताना, हे वाक्य लिहिले होते. मी ते तिला पुन्हा वाचायला लावले.

शुक्रवारी नगरभवन भरले होते. मंचावर प्राध्यापक, खाणीचे व्यवस्थापक आणि राज्याच्या धरण निरीक्षक श्रीमती व्हँडरलान बसल्या होत्या. प्राध्यापकांनी तोच आलेख पडद्यावर लावला आणि पर्यावरण व उद्योग हातात हात घालून कसे चालतात यावर वीस मिनिटे सांगितले.

"हातात हात घालून येतील ते आधी माझ्याच अंगणात," मागून नोलीनचा आवाज आला. लोक हसले. प्राध्यापकही हसले.

मी उभा राहिलो. "सात नळ्यांना दीड मीटरचे तुकडे जोडले आहेत. ते या आलेखात वजा केलेले नाहीत. पाणी उतरलेले नाही, चढले आहे."

"आपण?" प्राध्यापकांनी विचारले.

"लायल क्रॉप. हे आकडे माझे आहेत."

"श्री. क्रॉप, आपल्या दीर्घ सेवेबद्दल आम्हाला आदर आहे. जुन्या वह्यांमध्ये अशा बारीकसारीक विसंगती असतात. संख्याशास्त्रीय पद्धतीने आम्ही त्या दूर केल्या आहेत."

"तुम्ही विसंगती दूर केली नाही. खरे बोलणाऱ्या चार नळ्या दूर केल्या!"

"आपण शांत होऊन बसाल का?"

"पंचवीस वर्षं शांतपणेच मोजत होतो. आता बसणार नाही."

"बसू नकोस, लायल!" नोलीन ओरडली. "तुझे गुडघे दुखले तर मी खुर्ची आणते, पण बसू नकोस!"

तेव्हा पहिल्या रांगेतून इमोजेन उठली. "श्री. क्रॉप बरोबर आहेत. बुधवारी मी स्वतः मोजलं. नऊ नंबरच्या नळीत पाणी पंचाहत्तर सेंटिमीटर चढलं आहे आणि पायथ्याचा निचरा तुंबला आहे. अहवालावर माझं नाव आहे. मी ते मागे घेते."

प्राध्यापक तिच्याकडे वळले. "डॉ. टास्कर, हे आपण आतमध्ये बोललो होतो."

"म्हणूनच बाहेर बोलतेय."

निरीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला. "प्राध्यापक ॲशबी, हे तुम्हाला बुधवारी कळलं होतं?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले नाहीत. बाईंनी कागद ओढून तिथेच आदेश लिहिला: बांधाची वाढ थांबवावी, तळ्यातले पाणी पंपाने कमी करावे, निचरा मोकळा होईपर्यंत खालची चार घरे रिकामी ठेवावीत, आणि दर गुरुवारची मोजणी लायल क्रॉप यांच्या उपस्थितीत व्हावी.

पुढच्या आठवड्यात संस्थेने पत्रक काढले. त्यात म्हटले होते की जुन्या मोजणीतील उपकरणदोष संस्थेच्या सतर्कतेमुळे वेळीच उघडकीस आला. उपकरणदोष! अकराही नळ्या निर्दोष होत्या. मोजपट्टी निर्दोष होती. दोष होता तो एक रकाना टाकून देणाऱ्यांचा, बातमी दडपणाऱ्यांचा, आणि लिहून गप्प बसणाऱ्या माझा. मी संस्थेला तसे पत्र पाठवले, माझ्या दोषासह. तो शब्द मागे घेतला जाईपर्यंत दरमहा पाठवणार आहे. आतापर्यंत चार गेली. पोच मिळाली, उत्तर नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी नोलीनचे सामान हलवायला मी गाडी घेऊन गेलो होतो, तेव्हा ती ओसरीवर पेट्यांत कोंबड्या भरत होती.

"दोन वर्षं मी त्या पाण्याखाली झोपत होते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुला ठाऊक होतं."

"नळ्या वाढवल्याचं ठाऊक होतं. त्यांनी ते धरलं नाही, हे ठाऊक नव्हतं."

"महिन्यातून दोनदा इथे चहा पीत होतास. माझी अख्खी बिस्किटं संपवलीस. त्यात एकदा विचारायचं होतंस त्या कॅलमला, की बाबा, माझं लिहिलेलं वाचलंस का?"

"विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. तिने पेटीचे झाकण लावले आणि ती माझ्या हातात दिली. "धर नीट. तांबडी चावते."

मी सहा पेट्या गाडीत ठेवल्या. तिने दाराला कुलूप लावले, ओढ्याकडे पाहिले, आणि गाडीत बसताना म्हणाली, "बहिणीकडचा नंबर आहे ना तुझ्याकडे? दर गुरुवारी फोन करायचा. आकडेबिकडे नकोत मला. परत यायचं की नाही, तेवढं सांग."

"दोन्ही सांगेन."

"बरं, दोन्ही सांग. पण आधी यायचं की नाही ते."