नावापुढचा ठिपका

रश्मीच्या लग्नात वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, गळला, तेव्हा मी छकुलीला कडेवर घेऊन मांडवातच उभी होते. पंगत बसलेली, भात वाढून झालेला आणि चुलीतून एकदम चर्र आवाज. स्वयंपाकी ओरडला, "अरे, बूड गेलं, बूड गेलं!" अर्धं वरण राखेत गेलं. नवरदेवाकडचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "कोरडाच भात चारता का जी पाहुण्यायले?" सगळे हसले. नवरीची आई सत्यभामाताई हसली नाही. पदर खोचून तिने वांग्या-आलूच्या भाजीत पाणी वाढवायला लावलं.

तो गंज मीच दिला होता. बुडाचं भोक डाग देऊन बुजवलेलं आहे, हे माहीत असून.

आमच्या गावात लग्नकार्याच्या भांड्यांचे दोन संच होते. आम्हा कुणब्यांचा हनुमान मंदिराच्या खोलीत, बौद्ध वस्तीचा विहाराच्या खोलीत. इकडची भांडी तिकडे कधी गेली नाहीत. तिकडची इकडे यावीत असं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या महिला गटाची अध्यक्ष बौद्ध वस्तीतली सत्यभामाताई, सचिव मी. तिने वर्षभर घरोघरी फिरून हे मोडायचं ठरवलं. ग्रामसभेत उभी राहून म्हणाली, "एका चुलीवर बसवा म्हणत नाही. एका खोलीत तर ठेवा. भांड्यायले काय मालूम कोण जेवून राहिलं?" त्या दिवशी तिच्या बाजूने पहिला हात माझा वर गेला होता. छकुली तेव्हा पोटात होती.

भांडी एका खोलीत आली. सगळ्यांवर एकच नाव घालायचं ठरलं, गटाचं. पण घरी सासूबाईंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, जेवणाचं ताट बाजूला सारलं. "गावाले जे करायचं ते करा. माह्या घरच्या सैपाकाले मले आपलेच गंज पायजे. नाही तर लेकरू घेऊन बसत जा मीटिंगले, मी नाही सांभाळणार." तेव्हा छकुली चार महिन्यांची होती. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, तिला सांभाळत म्हणून मी घराबाहेर पडू शकत होते. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते मलाच पटत नाही.

मोहाडीच्या बाजारात भैय्यालालकडे भांडी नेली. भांड्यांवर नावं घालतो तो, छिन्नी-हातोडीने, टकटक टकटक. सत्यभामाताई म्हणाली, "तू बस लेकराजवळ, मी भाजी घेऊन येतो." ती गेल्यावर मी आमच्या जुन्या संचातले अकरा गंज बाजूला काढले आणि म्हटलं, "यांच्यावर नावापुढे एक ठिपका द्या."

"ठिपका कायले जी, बाई?"

"हिशेबाला."

"नजर लागू नये म्हणून काय?" तो हसला. मीही हसले. ताई परत आली तेव्हा तो शेवटच्या गंजावर होता. तिने नावावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कसं साजरं दिसून राहिलं, नाही?"

खोलीची किल्ली माझ्याकडे. वर्षभर मी भांडी देत गेले. आमच्या आळीत ठिपक्याची, तिकडे बिनठिपक्याची. खूण फक्त आईंना माहीत होती, बाकी कुणाला कळलं नाही. तालुक्याहून साहेब आले, त्यांनी खोलीसमोर आमचे फोटो काढले. ताईने माझा हात धरून मला पुढे ओढलं.

रश्मीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ताईचा पुतण्या अनुप ट्रॅक्टर घेऊन आला. "काकीनं नऊ मोठे गंज सांगितले." बिनठिपक्याचे मोठे आठच चांगले होते, नववा तो डागाचा. ठिपक्याचे दोन मोठे कोपऱ्यात चकचकीत उभे. पण पुढच्या आठवड्यात छकुलीचं जावळ होतं आणि त्याला आपलेच गंज हवेत, असं आईंनी बजावलं होतं. मी डागाचा गंज उचलून दिला. "जड आहे, जपून ने," असंही म्हणाले.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ताई भांडी परत घेऊन आली. सगळी स्वतः घासलेली. गळका गंज तिने पोत्यात गुंडाळून वेगळा आणला होता.

"तृप्ती, माफ कर व बाई. गटाचं भांडं माह्याच्यानं खराब झालं. पाहून घ्यायले पायजे होतं मी. पोरीच्या लग्नाच्या घाईत नाही पाहिलं."

ती माझी माफी मागत होती. छकुली तिच्याकडे झेपावली आणि तिने तिला सहज उचलून खांद्यावर घेतलं.

मी कोपऱ्यातला गंज ओढला, तिचं बोट धरलं आणि नावापुढच्या ठिपक्यावर ठेवलं. सांगितलं सगळं. सांगताना रडले, पण माझं रडणं मलाच खोटं वाटलं.

तिने ठिपक्यावरचं बोट काढून घेतलं आणि म्हणाली, "किती आहेत असे?"

"अकरा."

"मी भाजी घ्याले गेली होती तेव्हा?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी तुह्यासाठी बोरं आणली होती मी," ती म्हणाली. छकुलीला माझ्या हातात देऊन ती दारापर्यंत गेली, वळली. "ठिपका तर आता निघत नाही. बाजाराच्या दिवशी बाकीच्यायले बी घालून आणू. सकाळी तयार राहा, सचिवबाई."

याआधी तिने मला कधी सचिवबाई म्हटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी आईंनी छकुलीला घेतलं नाही. मी तिला पाठीशी बांधून गेले. मोहाडीपर्यंत ताई माझ्याकडे पाठ करून बसली. भैय्यालालची हातोडी पडली की छकुली दचकायची. पाचव्या-सहाव्या गंजाला ताईने माझ्याकडे न पाहता हात लांबवला आणि आपल्या दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले. शेवटच्या गंजापर्यंत तसेच धरून बसली.

जावळाच्या दिवशी घरी चार गंज आले. आईंनी एकेक उलटा-सुलटा करून पाहिला. सगळ्यांवर ठिपका.

"यातले आपले कोणते व?"

"ओळखू येत नाही, आई," मी म्हणाले.

मला ओळखू येत होते. जुन्या ठिपक्यात वर्षभराची घासणी मुरली आहे, त्याच्या कडा बोटाला लागत नाहीत. नव्याच्या लागतात. चारांतला एकच जुन्या ठिपक्याचा होता. मी डोळे मिटून सांगू शकते. खोलीची किल्ली मी ताईकडे दिली आहे. तरी कुठल्याही मांडवात गेले की माझं बोट आधी नावापुढे जातं.